जंतांमुळे होणारी ॲलर्जी: प्रकार ओळखणे का गरजेचे?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘इओसिनोफिल वाढले आहेत’ असे दिसले की बरेच जण ॲलर्जीची गोळी घेऊन मोकळे होतात. या पांढऱ्या पेशी एरवी एका मायक्रोलिटर रक्तात ५००च्या आत असतात. त्या धुळीच्या ॲलर्जीने वाढतात, दम्यात वाढतात, तशाच शरीरात जंत असल्यामुळेही वाढतात. जंतांच्या आजारात अनेकदा खरा त्रास जंत देत नाहीत. त्यांच्याविरुद्ध आपल्या प्रतिकारशक्तीने केलेली अतिरेकी प्रतिक्रिया तो देते. अशा प्रतिक्रियांचे चार प्रकार जेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये मांडले. डॉक्टर आजही तीच वर्गवारी वापरतात.

पहिला प्रकार: लगेच उठणारी ॲलर्जी

जंतांच्या संसर्गात हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. जंतांविरुद्ध शरीर ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात तयार करते. जंतांचे प्रथिन या प्रतिपिंडांना भिडले की हिस्टामिन बाहेर पडते. मग अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, खाज येते, श्वासनलिका आवळतात. ‘पोटात जंत झाले म्हणून अंगाला खाज सुटते’ हे घरातल्या मोठ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, मात्र प्रत्येक खाजेचे खापर जंतांवर फोडू नये.

गोल जंताची अंडी पोटात गेल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत त्याच्या अळ्या फुप्फुसात पोहोचतात. तेव्हा कोरडा खोकला, धाप आणि हलका ताप येऊ शकतो. शौचात अंडी दिसायला मात्र दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे खोकल्याच्या दिवसांत केलेली शौचाची तपासणी नॉर्मल आली तरी जंत नाहीत असे ठरत नाही.

हत्तीरोगाच्या जंतामुळे होणारा फुप्फुसाचा आजारही मुख्यतः याच गटात येतो. विदर्भासारख्या हत्तीरोग असलेल्या भागात राहणाऱ्याला किंवा तिथे राहून आलेल्याला रात्री वाढणारा खोकला आणि दम लागत असेल आणि इओसिनोफिल ३०००च्या वर असतील, तर आम्ही हा आजार डोक्यात ठेवतोच. यात रक्तात जंताची पिल्ले सहसा सापडत नाहीत. दमा समजून वर्षानुवर्षे नुसता पंप घेत राहिल्यास फुप्फुसे कायमची कडक होऊ शकतात; डीईसी या औषधाच्या साधारण तीन आठवड्यांच्या उपचाराने बहुतेकांना आराम पडतो.

याच प्रकारातला सर्वांत धोकादायक प्रसंग हायडॅटिड गाठीचा. ही पाण्याची गाठ कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात होते. पोटाला मार लागून ती फुटली तर आतल्या द्रवामुळे काही मिनिटांत अंगभर गांधी येऊन रक्तदाब कोसळू शकतो. अशा वेळी थेट मोठे रुग्णालय गाठावे.

दुसरा प्रकार

यात प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींवर चिकटून त्यांचा नाश करतात. जंतांच्या आजारात त्याचे महत्त्व फार कमी आहे.

तिसरा आणि चौथा प्रकार

तिसऱ्या प्रकारात जंताचे अंश आणि प्रतिपिंडे एकत्र येऊन त्यांचे पुंजके रक्तात फिरतात आणि रक्तवाहिन्यांत किंवा मूत्रपिंडात अडकतात. आफ्रिकेतील तळ्यांत पोहून आल्यावर काही आठवड्यांनी ताप, गांधी, खोकला आणि अंगदुखी सुरू झाली तर शिस्टोसोमा या जंताचा विचार करावा लागतो. डॉक्टरांना प्रवासाची माहिती आपणहून द्या. तापाच्या रुग्णाला हा प्रश्न विचारला जाईलच असे नाही.

चौथा प्रकार संथ असतो. यात प्रतिपिंडांऐवजी टी-पेशी काम करतात. शिस्टोसोमाची अंडी यकृतात अडकली की त्यांच्याभोवती पेशींच्या गाठी बनतात आणि पुढे यकृतात तंतू साठत जातात. नुकसान जंतापेक्षा या गाठींमुळे जास्त होते.

प्रत्यक्षात एकाच रुग्णात दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. मेंदूतील पट्टकृमीच्या गाठीचेच पाहा. गाठ मरू लागली की भोवती सूज येते आणि झटके येऊ शकतात. म्हणून तिथे जंताच्या औषधासोबत सूज कमी करणारे स्टिरॉइड देतात. झटके येणाऱ्या रुग्णाला घरच्या घरी जंताची गोळी देऊ नका.

स्टिरॉइडबाबत सावधगिरी

स्टिरॉइडने ॲलर्जी दबते आणि रुग्णाला बरे वाटते. अडचण इथेच आहे. स्ट्रॉन्जिलॉइडिस हा जंत अनवाणी पायांतून शिरतो आणि काही त्रास न देता कित्येक दशके शरीरात टिकू शकतो. स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती मंदावली की तो झपाट्याने वाढून शरीरभर पसरतो आणि जीवावर बेतते. शौचाच्या एकाच तपासणीत तो निसटू शकतो. त्यामुळे शेतात अनवाणी काम केले असेल, अंगावर सरकणारी खाजरी रेघ कधी उठली असेल किंवा इओसिनोफिल बरेच दिवस वाढलेले असतील, तर दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होण्याआधी हे डॉक्टरांना सांगा आणि जुने रिपोर्टही सोबत न्या. गोळ्या आधीच चालू असतील तर त्या स्वतःहून अचानक बंद करू नका.