मदन महालाच्या पायथ्याशी : १७८४चा कायदा आणि अघोषित युद्धाची भाषा

जबलपूरचा मदन महाल गोंड राजा मदनशहाचा म्हणून ओळखला जातो. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र त्याच्या पायथ्याशी वसलेल्या शहराचे १८१७ मधील हस्तांतरण हा आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आलेले हे ठाणे १९ डिसेंबर १८१७ रोजी ब्रिगेडियर जनरल हार्डिमनच्या फौजेने जिंकले. हे घडत असताना असे युद्ध रोखू पाहणारा ब्रिटिश संसदेचा कायदा तेहतीस वर्षे अस्तित्वात होता.

१७८४च्या पिट कायद्याने राज्यविस्ताराच्या योजना राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध व प्रतिष्ठेला बाधक ठरवल्या आणि संचालक मंडळाच्या किंवा त्याच्या गुप्त समितीच्या स्पष्ट आज्ञेवाचून युद्ध करण्यास सकौन्सिल गव्हर्नर जनरलला मनाई केली. कलमाची शब्दयोजना लक्षणीय आहे. 'युद्ध जाहीर करणे' आणि 'शत्रुत्वास आरंभ करणे' या दोन्ही क्रिया त्यात स्वतंत्रपणे निषिद्ध आहेत. अघोषित युद्ध ही पळवाट ठरू शकते, हे कायदा रचणाऱ्यांना उमगले होते. मराठीतल्या 'स्वारी', 'मोहीम', 'मुलूखगिरी' या शब्दांत घोषणेचा अर्थ मुळीच अभिप्रेत नाही. तेव्हा हे कलम मराठीत आणू पाहणाऱ्याला पहिली अडचण इथेच येते.

तथापि, कलमाला अपवाद होता. शत्रूने कंपनीवर, तिच्या अंकित संस्थानांवर, किंवा तहान्वये ज्यांच्या संरक्षणाची हमी दिली अशा राज्यांवर हल्ला केला वा त्याची तयारी चालवली, तर परवानगीची गरज नव्हती. साहजिकच प्रत्येक तैनाती तहासरशी या अपवादाचा परीघ वाढत गेला. अप्पासाहेब भोसल्याने २७ मे १८१६ रोजी असा तह स्वीकारला आणि कंपनीची फौज नागपूरच्या अंगणात आली. पुढे २६-२७ नोव्हेंबर १८१७ला सीताबर्डीवर रेसिडेन्सीच्या फौजेशी लढाई जुंपली. कायद्याच्या दृष्टीने 'शत्रुत्वास आरंभ' नागपूरकरांनी केला होता. आणि पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेची संमती लॉर्ड हेस्टिंग्जने आधीच मिळवली होती. कायदा मोडला गेला, असे सरळ म्हणता येत नाही. मला अधिक अस्वस्थ करणारी बाब हीच आहे.

१८५८च्या कायद्याने वेगळा मार्ग धरला. शत्रुत्व आरंभण्याची आज्ञा तीन महिन्यांत, आणि संसद त्या वेळी भरलेली नसल्यास अधिवेशन सुरू झाल्यापासून महिन्याभरात, तिच्यासमोर ठेवावी. सरहद्दीपलीकडील लष्करी कारवाईचा खर्च दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून हिंदुस्थानच्या महसुलातून होऊ नये. येथेही 'आकस्मिक व निकडीची गरज' हा अपवाद होताच. अमेरिकी काँग्रेसने निक्सनचा नकाराधिकार डावलून ७ नोव्हेंबर १९७३ रोजी संमत केलेल्या युद्धाधिकार ठरावात अठ्ठेचाळीस तासांत कळवण्याची आणि साठ दिवसांच्या मर्यादेची तरतूद आहे. तिचे बीज या १८५८च्या कलमात शोधणे धाडसाचे होईल. पण आधी फौज, मग अहवाल, हा क्रम दोन्हींकडे गृहीत आहे.

पदच्युत अप्पासाहेबाला पहाऱ्यात अलाहाबादेकडे नेत असताना मे १८१८ मध्ये तो जबलपूरच्या वाटेवरूनच निसटला.