लिस्बनचा भूकंप आणि दानाच्या निरनिराळ्या रीती

इ.स. १७५५ च्या नोव्हेंबरची १ तारीख. सर्व संतांचा सण असल्याने लिस्बनमधील चर्चे सकाळीच भाविकांनी भरलेली होती. अशा वेळी धरणीकंप झाला. पाठोपाठ समुद्र शहरात घुसला आणि मागाहून भडकलेली आग कित्येक दिवस शमली नाही. हजारो माणसे प्राणांस मुकली.

संकट एकच, परंतु साहाय्याच्या रीती भिन्न दिसून आल्या. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याने पार्लमेंटला संदेश धाडला व पार्लमेंटने १ लक्ष पौंड मंजूर केले. काही भाग नाण्यांत, तर उरलेला मांस, लोणी, पीठ, तांदूळ, पादत्राणे व कुदळी-पहारी अशा रूपाने रवाना झाला. लिस्बनमध्ये इंग्रजांच्या व्यापारी पेढ्या होत्या. तेव्हा दयेस हितसंबंधाची जोड होती, हे उघड आहे. हॅम्बुर्ग या व्यापारी नगराने मालाने भरलेली जहाजे पाठविली. फ्रान्सने देऊ केलेले साहाय्य मात्र पोर्तुगालने स्वीकारले नाही. दान घेणे हाही मानापमानाचा विषय असतो.

खुद्द पोर्तुगालात दानधर्माची जुनी वाट मिझेरिकॉर्दियाची. राणी लेओनोर हिच्या आश्रयाने १४९८ साली लिस्बनमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या धर्तीवर गोव्यातही तशीच संस्था उभी राहिली होती. दात्याच्या आत्म्याचे कल्याण हा तेथील दानाचा एक हेतू असे. पाद्री मालाग्रिदा यांनी तर १७५६ साली पुस्तिका काढून भूकंप हा ईश्वरी कोप असून प्रायश्चित्त हाच उपाय होय, असे प्रतिपादिले. पुढे मार्केस द पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आलेले प्रधान कार्व्हाल्यु यांना ते रुचले नाही. शहर उभारण्यास पैका हवा होता.

तो दोन मार्गांनी आला. लिस्बनच्या व्यापाऱ्यांनी आयात मालावर शेकडा ४ इतका अधिक भार आपण होऊन पत्करला. राजवाड्यापुढील पटांगणास पुढे व्यापार चौक हे नाव पडले, ते याच वर्गाच्या गौरवार्थ. ब्राझीलमधील बाईयाकडे राजाने साहाय्य मागितले असता तेथील नगरसभेने ३० वर्षांत ३० लक्ष क्रुझाद देण्याचे मान्य केले. कागदोपत्री त्यास ‘दोनातिव्हु’, म्हणजे देणगी, असे नाव होते. वसुली मात्र कराप्रमाणे झाली. भूकंपानंतर जन्मलेल्या आणि लिस्बन कधी न पाहिलेल्या माणसांनीही ती फेडली.

वर्गणी आणि पट्टी यांतील भेद महाजनांस नव्याने सांगावयास नको. देणाऱ्याच्या हाती नकाराचा अधिकार उरतो, तोवरच देणगी ही देणगी असते. लिस्बन पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट मोठीच. परंतु त्याच्या पायात स्वेच्छेने दिलेल्या पैशाबरोबर न विचारता घेतलेला पैसाही आहे, याचे स्मरण ठेवणे इष्ट होय.