गप्प राहिलेलें गांव आणि अनोळखी पिस्तूलबाज

प्रत्येक समाज आपल्या उगमाची एक सोयीची कथा रचतो आणि पुढें तिलाच इतिहास म्हणूं लागतो. अमेरिकेंतील गोऱ्या वसाहतवाल्यांनीं ही कथा रचावयास फारसा विलंब लावला नाहीं. वस्तीची सरहद्द म्हणून दाखवितां येईल अशी रेषा आतां उरली नाहीं, असें तेथील शिरगणतीच्या खात्यानें १८९० सालच्या गणनेनंतर जाहीर केलें. परंतु ‘बफेलो बिल’ कोडी यानें पश्चिमेकडील घोडेस्वारीचा व गोळीबाराचा खेळ तिकिटें लावून दाखविण्यास १८८३ सालींच प्रारंभ केला होता. म्हणजे घटना संपली नव्हती, तोंच तिचें नाटक सुरू झालें होतें. १९०२ सालीं ओवेन विस्टरची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी आली, पुढच्याच वर्षीं ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा मूकपट आला, आणि मग अर्धशतकभर पडद्यावर एकच पुरुष पुनःपुन्हां अवतरूं लागला. तो कोठून येतो हें कोणास ठाऊक नसतें; तो दुष्टांचें निर्दालन करतो आणि आला तसा निघून जातो. १९५३ सालच्या ‘शेन’ या चित्रपटांत या मूर्तीला तिचें सर्वांत देखणें रूप मिळालें.

हा पुरुष कोण, असा प्रश्न दंतकथा विचारते व त्यांतच रमते. इतिहासानें विचारावयाचा प्रश्न आमच्या मतें निराळा आहे. याला पैसे कोणी दिले, आणि तो गोळ्या झाडीत असतां गांव काय करीत होतें?

प्रथम गांवाकडे पाहूं. दंतकथेंतील गांवांत रोज मुडदे पडतात. परंतु कॅन्ससमधील ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी व कॉल्डवेल या गुरांच्या बाजाराच्या पांच प्रसिद्ध गांवांची कागदपत्रें रॉबर्ट डायक्स्ट्रा या इतिहासकारानें तपासलीं, आणि १८७० ते १८८५ या काळांत तेथें एकंदर ४५ मनुष्यवध झाल्याचें १९६८ सालीं प्रसिद्ध केलें. लहान गांवांच्या मानानें हा आंकडा क्षुल्लक नव्हे, व त्यावर विद्वानांत वादही झाले आहेत; तथापि रोजच्या मुडद्यांची कथा मात्र त्यापुढें टिकत नाहीं. व्यापाऱ्यांस बाजार हवा होता, दंगा नको होता. म्हणून गांवांत शस्त्र बाळगून हिंडण्यास बंदी करणारे नियम अनेक ठिकाणीं झाले. टूम्स्टोन येथें २६ ऑक्टोबर १८८१ रोजीं घडलेल्या ओ. के. कोरलच्या चकमकीसही अशाच एका बंदीच्या अंमलबजावणीचें निमित्त झालें होतें.

मग भाड्याच्या बंदुका धडाडल्या त्या कोठें? जेथें जमिनीचा किंवा गुरांचा तंटा होता आणि एका पक्षाच्या हातीं पैसा होता, तेथें. १८९२ च्या एप्रिलमध्यें वायोमिंगांत घडलेला प्रसंग याचें ठळक उदाहरण होय. जॉन्सन परगण्यांत लहान शेतकरी व स्वतंत्र गुरेवाले वस्ती करूं लागले, तेव्हां हे सारे गुरेचोर आहेत अशी हाकाटी करून मोठ्या गुरेमालकांनीं सुमारें ५० जणांची टोळी आगगाडीनें कॅस्परपर्यंत नेली. त्यांतील वीसांहून अधिक बंदूकवाले टेक्सासमधून आणलेले होते. रोजीं ५ डॉलर, आणि मारलेल्या प्रत्येक चोरामागें ५० डॉलर, असा त्यांचा ठराव असल्याचें सांगतात. ९ एप्रिल रोजीं के. सी. रँचवरील लाकडी घराला वेढा घालून त्यांनीं निक रे व नेट चॅम्पियन या दोघांना ठार केलें. चॅम्पियननें दिवसभर झुंज दिली व मधल्या उसंतींत आपल्या वहींत टिपणें लिहिलीं. पुढें सुमारें २०० वस्तीकऱ्यांनीं या टोळीलाच दुसऱ्या एका रँचवर कोंडलें, तेव्हां अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या आज्ञेनें घोडदळ धांवून आलें आणि मालकांचे प्राण वांचले. खटला उभा राहिला. पण त्याचा खर्च परगण्यास झेपेना, आणि १८९३ च्या जानेवारींत तो काढून घेण्यांत आला. एकासही शिक्षा झाली नाहीं.

त्याच प्रांतांतील टॉम हॉर्नची गोष्ट याला पूरक आहे. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेची नोकरी केलेला हा गृहस्थ पुढें गुरेमालकांच्या पदरीं राहिला. १९०१ च्या जुलैमध्यें विली निकेल या चौदा वर्षांच्या मुलाचा गोळी लागून अंत झाला. त्या खुनाबद्दल हॉर्नला २० नोव्हेंबर १९०३ रोजीं शायेन येथें फांशी देण्यांत आलें. तो खून त्यानें केला कीं नाहीं, याविषयीं अद्यापि दुमत आहे. पण ज्यांनीं त्याला पोसलें, त्यांच्यापैकीं कोणीही न्यायासनापुढें उभा राहिला नाहीं, याविषयीं दुमत नाहीं.

हा इतिहास मनांत ठेवून १९७३ सालचा ‘हाय प्लेन्स ड्रिफ्टर’ हा चित्रपट पाहावा. अर्नेस्ट टायडिमन यानें तो लिहिला. क्लिंट ईस्टवुड यानें दिग्दर्शन करून मुख्य भूमिकाही केली. कॅलिफोर्नियांतील मोनो सरोवराच्या कांठीं ‘लागो’ नांवाचें गांव त्यासाठीं उभारलें होतें. एक निनांवी स्वार या गांवांत येतो आणि खाण कंपनीनें रक्षणार्थ ठेवलेल्या तिघांना न्हाव्याच्या दुकानांत ठार करतो. तुरुंगांतून सुटून सूड घेण्यास येणाऱ्या दुसऱ्या तिघांची गांवाला धास्ती असते. म्हणून गांवकरी त्या स्वारालाच रक्षक नेमतात व हवें तें मागण्याची मोकळीक देतात. तो सर्वांची चेष्टा सोसणाऱ्या मॉर्डिकाय या बुटक्याला शेरीफ व नगराध्यक्ष करतो. दुकानदार ज्या म्हाताऱ्या आदिवासीला हिडीसफिडीस करीत होता, त्याला त्याच दुकानांतील कांबळीं देववितो. आणि शेवटीं सबंध गांव तांबड्या रंगानें माखून वेशीवर ‘नरक’ असें नांव लिहवितो.

हळूहळू खरी गोष्ट बाहेर येते. कंपनीची खाण सरकारी जमिनीवर आहे, हें मार्शल जिम डंकन याच्या ध्यानांत आलें होतें. म्हणून कंपनीच्याच त्या तिघांनीं त्याला भर रस्त्यांत चाबकानें मारून टाकलें, आणि गांवकरी अंधारांत उभे राहून पाहत होते. मागाहून तेच मारेकरी डोईजड झाले, तेव्हां गांवानें त्यांना तुरुंगांत धाडलें. आलेला स्वार हा मार्शलचा भाऊ कीं त्याचें भूत, हें चित्रपट सांगत नाहीं. पण खून कोणाच्या फायद्यासाठीं झाला हें तो स्पष्ट सांगतो. १९५२ सालच्या ‘हाय नून’मधील गांव केवळ भित्रें होतें, लागो हें भागीदार आहे. लागो कल्पित आहे खरें; पण मालक, भाडोत्री बंदूक व बुडालेला न्याय ही वायोमिंगमधील सांखळी त्याच्या कथेंत जशीच्या तशी आढळते.

या चित्रपटाचे दोष आम्ही झांकीत नाहीं. त्याचा नायक आल्याबरोबर एका स्त्रीवर बलात्कार करतो, आणि चित्रपट तो प्रसंग तिच्या उद्धटपणाची शिक्षा असल्यासारखा हलक्या हातानें उडवून लावतो. ही गोष्ट अक्षम्य आहे. ही पश्चिमेची खरी माणसें नव्हेत, अशी तक्रार जॉन वेन यानें पत्रानें कळविल्याचें ईस्टवुडनें सांगितलें आहे. ती तक्रार मात्र आम्हांस पटत नाहीं. वेनच्या पूर्वसूरींत जसे कष्टाळू वस्तीकरी होते, तसे जॉन्सन परगण्यावर चालून गेलेले मालकही होते.

दुसरा एक आक्षेप अधिक मोलाचा आहे. १९६४ सालीं न्यूयॉर्क शहरांत किटी जेनोव्हीझ या तरुणीचा खून झाला, तेव्हां ३८ शेजारी नुसते पाहत राहिले असें वृत्तपत्रानें छापलें. या बातमीवरूनच टायडिमनला कथा सुचल्याचें सांगतात. परंतु ती संख्या अतिशयोक्त होती, असें पुढें निष्पन्न झालें. तेव्हां साऱ्या वस्तीला एकाच रंगानें माखणें हीही एक दंतकथाच होऊं शकते. सुदैवानें चित्रपटाला याची अंधुक जाणीव आहे. मार्शलला वांचविण्यास धांवणाऱ्या सारा बेल्डिंगला नवऱ्यानें धरून ठेवलें होतें. मॉर्डिकाय फळ्यांखालीं दडून, भेदरून पाहत होता. खाणीचा नफा मोजणारे आणि हे दोघे यांचा अपराध एका मापाचा नव्हे. चाबूक असा हिशेब करूं शकत नाहीं. तो इतिहासकारानेंच केला पाहिजे.

शेवटीं गांव जळतें, मारेकरी मरतात, आणि निनांवी स्वार निघून जातो. जातांना त्याला दिसतें कीं, ज्या थडग्यावर आजवर नांव नव्हतें, त्यासाठीं मॉर्डिकाय नांव कोरीत बसला आहे. दंतकथेचें सारें लक्ष स्वाराकडे असतें. आमचें लक्ष या कोरणाऱ्याकडे जातें; आणि वेढ्यांत सांपडूनही वहींत टिपणें करीत बसलेल्या नेट चॅम्पियनकडेही. मेला कोण हें अशा हातांनीं लिहून ठेवलें, म्हणूनच पैसे कोणाचे होते हें पुढें कोणास तरी विचारतां आलें.