लंडनच्या हातगाड्या आणि पार्लमेंट

इ. स. १८६७ च्या नोव्हेंबरांत ब्रिटिश पार्लमेंट अवेळीं भरविण्यांत आलें. ॲबिसिनियाचा राजा थिओडोर यानें इंग्रज वकिलास व इतर युरोपियनांस कैदेंत ठेविलें होतें. त्यांच्या सुटकेसाठीं सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखालीं मुंबईहून फौज जावयाची होती, आणि तिच्या खर्चासाठीं वीस लक्ष पौंडांची मंजुरी हवी होती. त्या मोहिमेची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर मिळते. परंतु त्याच तोकड्या अधिवेशनांत, ७ डिसेंबर रोजीं, आणखी एक लहानसा कायदा पुरा झाला, त्याची आठवण फारशी कोणी ठेविली नाहीं. लंडनमधील हजारों गोरगरिबांची चूल त्यावर अवलंबून होती.

मूळ गोष्ट त्याच वर्षींच्या ऑगस्टमधली. गाड्या, घोडे आणि गुरें यांनीं लंडनचे रस्ते तुंबून गेले होते. ही कोंडी फोडण्यासाठीं पार्लमेंटनें 'मेट्रोपॉलिटन स्ट्रीट्स ॲक्ट' मंजूर केला. सकाळीं दहापासून सायंकाळीं सातपर्यंत परवानगीवांचून गुरें हांकूं नयेत, जाहिरातींचे फलक मिरविण्यास पोलीस कमिशनरची संमति घ्यावी, बूट पुसणाऱ्या पोरांनीं परवाना काढावा, अशा तऱ्हेचीं त्यांतील कलमें होतीं, आणि चेरिंग क्रॉसपासून चार मैलांच्या आंतील शहरास तीं लागू होतीं. सहावें कलम दिसावयास सर्वांत निरुपद्रवी. चढविण्या-उतरविण्यास अगदीं जरूर तेवढ्या वेळेहून अधिक काळ कोणताही माल पदपथावर किंवा रस्त्यावर राहूं देऊं नये, एवढाच त्याचा आशय. पण शब्द सरसकट होते. दुकानदाराच्या पेटाऱ्यास ते जसे लागू, तसेच भाजीवाल्याच्या उभ्या हातगाडीसही लागू!

या गाडीवाल्यांस लंडनमध्यें 'कॉस्टरमाँगर' म्हणत. 'कॉस्टर्ड' या जातीचीं सफरचंदें विकणारा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पुढें फळें, भाजी, मासळी असें सर्व कांहीं तो विकूं लागला. हेन्री मेह्यू यानें १८५१ सालीं लंडनच्या श्रमजीवी लोकांविषयीं जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यांत बायकामुलांसह त्यांची संख्या सुमारें ३०,००० धरली आहे. पहांटे कॉव्हेंट गार्डनांतून भाजी अगर बिलिंग्जगेटमधून मासळी उचलावयाची आणि गल्लोगल्लीं खपवावयाची, असा त्यांचा क्रम. गाडी बहुधा भाड्याची. भांडवलही पुष्कळदां उसनेंच. व्याजाचा दर मेह्यूनें आठवड्यास शेंकडा वीस असा दिला असून वर्षाचा हिशेब १,०४० टक्के काढला आहे. इकडील सावकारीस नांवें ठेवणारांनीं हा आंकडा अवश्य ध्यानांत घ्यावा. शनिवारीं रात्रीं मजुरांच्या हातीं पगार पडे आणि त्यांच्या बायका दोन-चार पेन्सांचा बाजार याच गाड्यांवर करीत. चालत्या गाडीवर तें गिऱ्हाईक कसें थांबावें? उभें राहणें हाच ज्यांचा व्यापार, त्यांना उभें राहण्याची बंदी म्हणजे धंद्याचीच बंदी; आणि मासळी तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीं.

कायदा १ नोव्हेंबरपासून अंमलांत यावयाचा होता. त्याचा खरा अर्थ ध्यानांत आल्यावर ओरड झाली आणि सरकारलाही पाऊल मागें घ्यावें लागलें. गृहमंत्री त्या वेळीं गॅथॉर्न हार्डी हे होते. युद्धासाठीं पार्लमेंट अनायासें भरलेंच होतें. त्यामुळें दुरुस्ती पांच-सहा आठवड्यांतच झाली. कॉस्टरमाँगर, फेरीवाले व फिरते व्यापारी यांस सहावें कलम लागू नाहीं, असें तिनें ठरविलें. मात्र पुढें एक 'जोंवर' होता. गृहमंत्र्याच्या संमतीनें पोलीस कमिशनर वेळोवेळीं जे नियम करील, त्यांस धरून ते धंदा करतील तोंवरच ही सवलत.

सर्व मख्खी या 'जोंवर'मध्यें आहे. रस्त्यावर उभें राहण्याचा हक्क पार्लमेंटनें गाडीवाल्यांस दिला नाहीं. मनाई उठवून तिच्या जागीं पोलिसांची मर्जी बसविली. नियम कायद्यांत नव्हते, कचेरींत व्हावयाचे होते. कमिशनर सर रिचर्ड मेन हे १८२९ पासून, म्हणजे लंडनचें नवें पोलीसदल उभें राहिल्यापासून, त्या अधिकारावर होते. 'पुढें चला' असें दिवसांतून दहादां बजावणारा शिपाई आणि गाडीवाला यांचें वैर किती कडवें होतें, तें मेह्यूच्या पानोपानीं दिसतें. आतां त्याच शिपायाच्या वरिष्ठानें गाडीची जागा नेमावयाची! याच पार्लमेंटनें त्याच ऑगस्टांत शहरांतील कामकरी घरधन्यांस मताचा अधिकार दिला होता, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. तरीही पूर्ण बंदीपेक्षां ही मर्जी बरी होती, आणि गाड्या रस्त्यावर राहिल्या, हेंही खरें.

१८७१ च्या कायद्यानें पायीं हिंडून माल विकणाऱ्यांस पोलिसांचा दाखला घेणें भाग पडलें. लंडनच्या गाड्यांचा कारभार पोलिसांच्या नियमांवर आणखी बरींच वर्षें चालला. पुढें १९२७ च्या लंडन कौंटी कौन्सिलच्या कायद्यानें रस्त्यावरील विक्रीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील बरो कौन्सिलांकडे आला, आणि गाडीवाला चौकींतून निघून नगरसभेच्या कचेरीच्या दारांत उभा राहिला.