घाटकोपरची धूळ

घाटकोपरला आग्रा रस्त्यालगत ज्या हिंदुस्थान फेरोडो कारखान्यात ॲस्बेस्टॉसपासून ब्रेकची अस्तरे घडत, तो ज्या टर्नर अँड न्यूऑल या विलायती समूहातला, त्याच समूहाच्या रॉचडेल येथील गिरणीत राबलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसांतील तंतुमयतेचे वर्णन डॉ. कुक यांनी १९२४ सालीच प्रसिद्ध केले होते. धोक्याची वर्दी, म्हणजे, कारखान्याआधीच दप्तरी दाखल होती. कार्यकारणभाव मात्र सावकाश उलगडला: सूक्ष्म तंतू पचवू न शकलेल्या भक्षकपेशी वृद्धिघटक स्रवतात, आणि त्यांपैकी टीजीएफ-बीटा तंतुजनक पेशींकडून कोलॅजनची अखंड निर्मिती करवून घेतो. १९८६ च्या नोबेल पारितोषिकाने वृद्धिघटकांचा शोध गौरविला गेला. ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जतन करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम निघावयास १९९५ उजाडले.