पालकाचा दंड आणि पालकाची खुर्ची

मूल शाळेत टिकावे ही जबाबदारी कोणाची, हा वाद जुना आहे. पालक म्हणतो, मूल शाळेच्या हवाली केले, पुढचे मास्तर जाणोत. मास्तर म्हणतात, घरी कोणी दप्तर उघडूनही पाहत नाही. दोघांचेही थोडेथोडे खरे असते आणि मूल मात्र मधल्यामध्ये राहते. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. म्हणून या प्रश्नाकडे आम्ही मजुरीच्या आणि कामाच्या तासांच्या बाजूने पाहतो. त्या बाजूने इतिहास तपासला, तर निराळेच काही हाती लागते.

जोतीराव फुल्यांपासून सुरुवात करू. 1855 साली त्यांनी शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा बंदच असते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी होती. सक्ती म्हणजे पालकावर बंधन. परंतु त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकावरही तितकेच मोठे बंधन घातले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळणारा असावा, वेळ पडल्यास नांगर धरण्याची लाज न बाळगणारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. एका हाताने पालकाला आणि दुसऱ्या हाताने शिक्षकाला त्यांनी मुलाशी बांधले.

1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या घराचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी, त्या घराकडून फी घेऊ नये, अशी तरतूद त्यात होती. 1912 साली ते विधेयक फेटाळले गेले. जे कलकत्त्यात जमले नाही ते 1917 साली कोल्हापुरात झाले. शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. या दंडाची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण दंड करणाऱ्या राजाने आधी आपला वाटा उचलला होता, हे सांगायला विसरतो. फी माफ होती आणि शहरात शिकायला येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे उभी होती. आधी आपण दिले, मग मागितले.

या वसतिगृहांच्या वाटेवर आपले नाशिकही लागते. 1914 साली येथे उदाजी मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि 1920 साली शाहू महाराजांच्याच हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. आजच्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे मूळ तेथे आहे. बोर्डिंग म्हणजे शाळेने आईबापांची जागा घेणे. पहाटे उठवणारे, ताटात भाकरी पडली की नाही हे पाहणारे, ताप आला तर उशाशी बसणारे माणूस तेथे लागते.

पण म्हणून पालक सुटला काय? नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली बोर्डिंग काढले, त्यामागे मुष्टिफंड उभा राहिला. घराघरांतून मूठमूठ धान्य निघे. ज्या घराकडे देण्यास पैसा नव्हता त्या घराचीही मूठ त्यात होती. लक्ष्मीबाईंनी तर आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही त्या मुलांच्या अन्नासाठी मोडले. 1945 साली ताराबाई मोडक ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. मूल शाळेत येत नाही, तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, असा मार्ग त्यांनी व अनुताई वाघ यांनी काढला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवल्या. पालकाला दोष देण्यापूर्वी त्याच्या घरचे काम काय आहे, हे त्या पाहून आल्या होत्या.

आता आपल्या सिन्नरकडे येऊ. विडी वळणाऱ्या बायांच्या वस्त्यांत आम्ही पुष्कळ हिंडलो. मजुरी हजार विड्यांवर ठरते. पाने भिजवा, कातरा, वळा, दोरा बांधा, आणि विडी खराब निघाली तर मजुरी कापली जाते. हजाराचा आकडा गाठायचा तर शेजारी बसलेल्या मुलीचे हात लागतात. 1986 च्या बालकामगार कायद्यात विडीचा धंदा मुलांना बंद केला खरा, पण घरच्या माणसांबरोबर घरात केलेल्या कामाला त्यातच सूट होती. जे दार कायद्याने लावले, त्याची खिडकी कायद्यानेच उघडी ठेवली. अशा घराला शाळेने ‘पालक बेफिकीर’ असा शेरा मारणे सोपे. पण तो शेरा खरे पाहता मजुरीच्या दरावर मारला पाहिजे.

याच धंद्यात भागीदारीचे एक चांगले उदाहरणही आहे. 1976 च्या विडी कामगार कल्याण निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. तिला आईचे कामगार ओळखपत्र लागे आणि शाळेचा पडताळाही लागे. आईने कार्ड काढले नाही तर पैसे नाहीत. शाळेने कागद पुढे धाडला नाही तरीही नाहीत. जेथे एखाद्या शिक्षकाने किंवा कारकुनाने स्वतः वस्तीत येऊन फॉर्म भरून घेतले, तेथे मुली पुढच्या वर्गात गेलेल्या आम्ही पाहिल्या.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या इतिहासाला नवे वळण दिले. मूल शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरले, पण दंड गेला. शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात, मुलाची हजेरी आणि प्रगती त्यांना सांगावी, हे शिक्षकाचे कर्तव्य ठरले. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरले. 1917 साली जो पालक दंडास पात्र होता, त्याला शंभर वर्षे पुरी होण्याआधी खुर्ची मिळाली.

पण खुर्चीवर बसायला वेळ लागतो. सभा अकरा वाजता ठेवली, तर सातपूरच्या पहिल्या पाळीतला बाप कारखान्यात असतो आणि सिन्नरची आई अर्ध्या दिवसाची मजुरी गमावते. ती आली नाही म्हणजे तिला आस्था नाही, असे कोणी समजू नये. दुसरीकडे शिक्षकही मोकळा नसतो. माहिती, तक्ते आणि अहवाल यांतून त्याला वस्तीत जायला सवड कोण देतो? तोही कामगारच आहे. आणि शाळेचा शिपाई, खिचडी शिजवणारी बाई यांना कोणते मूल उपाशी आले हे आधी कळते. त्यांना सभेत कोणी विचारीत नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. शाळेने सभा कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी. युनियनने मालकाशी करार करताना पालकसभेसाठी दोन तासांची भरपगारी रजा मागावी. आठवड्याची सुट्टीसुद्धा मुंबईच्या गिरणी कामगारांना आपोआप मिळाली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांना तिच्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, तेव्हा ती 1890 साली पदरात पडली. हे दोन तासही तसेच मिळवावे लागतील. ते मिळाले म्हणजे मग पालकाला जाब विचारण्याचा हक्क शाळेला येईल आणि शाळेला जाब विचारण्याचा हक्क पालकाला येईल.