काडेपेटीतील विष आणि बंदरावरचा कायदा

१/ भिंतीवर, दगडावर, बुटाच्या तळव्यावर, कोठेही घासली तरी काडी पेट घेई. एकोणिसाव्या शतकातील गिऱ्हाइकाला तिचा हाच गुण मोलाचा वाटे. ही किमया पांढऱ्या फॉस्फरसची होती, आणि याच पदार्थामुळे काड्या बनविणाऱ्यांचे जबडे कुजत होते. धोका ठाऊक होता, पर्यायही उपलब्ध होता. तरीही हे विष बाजारातून हटविण्यास अनेक दशके लागली. त्या विलंबात ‘परदेशी स्वस्त माला’च्या भीतीचा वाटा किती होता, हे सांगणारा हा धागा.

२/ इंग्लंडमधील जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२०च्या दशकात घासून पेटणारी काडी विकावयास आणली. तीत फॉस्फरस नव्हता. १८३०च्या सुमारास शार्ल सोरिया या फ्रेंच तरुणाने काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस वापरला. काडी सहज पेटू लागली, स्वस्त झाली आणि थोड्याच वर्षांत युरोपभर पसरली.

३/ कारखान्यात गुलाचे मिश्रण गरम ठेवावे लागे. त्याच्या विषारी वाफा कामगारांच्या, विशेषतः किडलेल्या दातांच्या, वाटेने जबड्यापर्यंत पोहोचत. आधी दातदुखी, मग सूज, मग दुर्गंधीयुक्त पू आणि शेवटी हाड मृत होणे, असा हा क्रम. जबडा काढून टाकणे हाच बहुधा उपाय उरे. इंग्रज कामगार या व्याधीला ‘फॉसी जॉ’ म्हणत. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्झर यांनी १८४५ मध्येच तिची नोंद केली होती.

४/ धोका कारखान्याच्या भिंतींआड थांबला नाही. गुलात विष असल्याने काडी चोखणारे मूल दगावू शके. आत्महत्येसाठीही या काड्यांचा वापर होई. थोड्याशा घर्षणाने पेटत असल्यामुळे आगी लागत, त्या वेगळ्याच. म्हणजे बनविणारा आणि वापरणारा, दोघेही एकाच विषाच्या तडाख्यात होते.

५/ पर्याय नव्हता काय? होता. अँटन श्र्योटर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलेला लाल फॉस्फरस तुलनेने निरुपद्रवी होता. स्वीडनच्या गुस्ताफ पाश यांनी १८४४ मध्ये फॉस्फरस काडीच्या गुलातून काढून पेटीवरील घासपट्टीत नेण्याची युक्ती योजली. पुढे यॉनशॉपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी लाल फॉस्फरसची अशी सुरक्षित काडेपेटी बाजारात आणली. मात्र ती महाग पडे आणि पेटीविना पेटत नसे. गिऱ्हाईक जुन्याच काडीकडे वळे.

६/ फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घातली. स्वित्झर्लंडने १८७९ मध्ये घातलेली बंदी काही वर्षांत उठवली आणि १८९८ मध्ये पुन्हा लागू केली. मोठे उत्पादक देश मात्र बंदीऐवजी नियमांवर भर देत राहिले: हवा खेळती ठेवा, हात धुवा, दात तपासा.

७/ जुलै १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातील सुमारे १,४०० स्त्रिया आणि मुली काम सोडून बाहेर पडल्या. त्यांच्या हलाखीवर त्याआधी लेख लिहिला होता ॲनी बेझंट यांनी. याच बेझंट पुढे भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. दंड, तुटपुंजी मजुरी आणि विषाच्या सान्निध्यात बसून खावे लागणे, या तक्रारी होत्या. संप यशस्वी झाला, जेवणासाठी स्वतंत्र खोलीही मान्य झाली. पांढरा फॉस्फरस मात्र कारखान्यात तसाच राहिला.

८/ दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, जबड्याच्या रोगाचे रुग्ण सरकारला न कळविल्याबद्दल याच कंपनीला शिक्षा झाली. दंडाची रक्कम होती अवघी २५ पौंड ९ शिलिंग. नियम कागदावर होते. ते मोडणे परवडत होते.

९/ त्याच वर्षी फ्रान्समधून नवी वाट निघाली. सेव्हेन आणि काएं या दोघांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड वापरून कोठेही घासली तरी पेटणारी, पण जबडा न कुजविणारी काडी सिद्ध केली. आता गिऱ्हाइकाची सोय गमावण्याचे कारणही उरले नाही. उरली ती स्पर्धेची भीती, आणि तिचे नाव होते जपान.

१०/ फ्रान्समध्ये शिकून आलेल्या शिमिझु माकोतो यांनी १८७५ मध्ये तोक्योत काडेपेट्या बनविण्यास आरंभ केला. पाहता पाहता कोबे आणि ओसाका ही या धंद्याची केंद्रे झाली. स्त्रिया आणि मुलांचे स्वस्त श्रम आणि कोबे येथील चिनी व्यापाऱ्यांचे जाळे यांच्या बळावर जपानी काडेपेटी चीन, हाँगकाँग आणि भारताच्या बाजारांत पोहोचली. जपान सुरक्षित काड्याही बनवी; पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्याही बनवी.

११/ मे १९०५ मध्ये कामगार कायद्यांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद बर्न येथे भरली. पांढऱ्या फॉस्फरसवर बंदीचा मसुदा तयार झाला; पण त्यात एक अट होती. परिषदेतील सर्व देशांसह जपाननेही मान्यता दिली, तरच करार अमलात येणार होता. आपण हे विष सोडले आणि जपानने सोडले नाही, तर आशियातील बाजार हातचा जाईल, हा त्यामागील युक्तिवाद. ज्या देशाला परिषदेत स्थान नव्हते, त्याच्याच होकारावर युरोपीय कामगाराचा जबडा अवलंबून ठेवला गेला.

१२/ जपान तयार झाला नाही. तरीही २६ सप्टेंबर १९०६ रोजी डेन्मार्क, फ्रान्स, जर्मनी, इटली, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड या सात देशांनी करारावर सह्या केल्या. ब्रिटन, ऑस्ट्रिया, बेल्जियम, स्वीडन यांसारखे देश त्या दिवशी बाहेर राहिले.

१३/ या कराराचे मर्म तीन शब्दांत आहे: आयात, उत्पादन, विक्री. केवळ उत्पादन थांबविले असते, तर देशी कारखाना बंद पडला असता आणि तेच विष बोटीतून आले असते. तिन्हींवर एकदम बंदी आल्यामुळे मालाचा देश कोणता हा प्रश्नच उरला नाही. प्रश्न उरला तो एवढाच की गुलात काय आहे.

१४/ ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला. तो १९१० पासून लागू झाला. अमेरिकेने १९१२ मध्ये वेगळी युक्ती केली. संघराज्याच्या सरकारला थेट बंदीचा अधिकार नाही अशी समजूत असल्याने शंभर काड्यांमागे दोन सेंट इतका जबर कर लादला गेला. देशी उत्पादन त्यामुळे परवडेनासे झाले. आयातीवर आणि निर्यातीवर मात्र सरळ बंदी आली. त्याआधी, १९११ मध्ये, डायमंड मॅच कंपनीने सुरक्षित मिश्रणाचे आपले पेटंट सर्वांसाठी खुले केले होते.

१५/ भारतात १९१३ चा ‘व्हाइट फॉस्फरस मॅचेस प्रोहिबिशन ॲक्ट’ आला. आयात, उत्पादन आणि विक्री ही त्रिसूत्री त्यातही होती. देशातील कारखाने तेव्हा थोडे, आणि बाजार बहुतांशी परदेशी काडेपेट्यांवर चाले. साहजिकच या कायद्याचे खरे रणक्षेत्र बंदरावरचे कस्टम हाऊस होते.

१६/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने काडेपेट्यांवरील जकात भरमसाट वाढवली. हेतू महसुलाचा होता. तिच्या आडोशाला देशातच कारखाने उभे राहिले, कल्याणजवळच्या अंबरनाथचा विमको त्यांपैकीच. जकातीने माल महाग होतो, तो कोठे बनतो हेही बदलते. पण त्यातील विष कमी होत नाही. १९१३ च्या कायद्याने पाहिले ते मालाच्या किमतीकडे नव्हे, त्यातील द्रव्याकडे.

१७/ १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारणारे आणि पुढे आयटक संघटनेचे आधारस्तंभ झालेले. बर्नच्या कराराला उरलेल्या देशांनीही मान्यता द्यावी, अशी शिफारस या परिषदेने केली. जपानने अखेर १९२१ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांच्या उत्पादनावर बंदीचा कायदा केला.

१८/ लोरिन्झर यांच्या नोंदीपासून या कायद्यापर्यंत ७६ वर्षे लोटली. या काळात बोट बहुधा दुसऱ्याकडे रोखलेले होते. जपानी माल घातक ठरला; पण ती काडी युरोपनेच घडविली होती आणि तिचे विष लंडनच्या मुलींनी आधी भोगले होते. नव्याने उद्योगी होणारा देश जुन्या उद्योगी देशांचीच पायवाट, तिच्यावरच्या काट्यांसह, तुडवीत होता.

१९/ खेळण्यांवरील शिशाचा रंग असो वा तकलादू विजेची उपकरणे, आयात मालाचा वाद आजही ‘कोणत्या देशाचा’ येथूनच सुरू होतो. बर्नच्या सात देशांनी १९०६ मध्ये जो प्रश्न विचारला, तो निराळा होता: आत काय आहे? देशी आणि परदेशी मालाला तोच एक प्रश्न विचारला गेला, तेव्हाच काडेपेटीतील विष संपले.